एकोणतीस थेंब

त्या सकाळी साडेआठ वाजता प्रयोगशाळेत सव्वीस ब्युरेट होत्या. त्यातल्या दोन जाम होत्या, पाच गळत होत्या आणि एकीच्या टोकाला कुणीतरी च्युइंगगम लावून ठेवलं होतं. पिपेट एकतीस, काचेचे फ्लास्क चाळीस, पंखे चार, त्यातले फिरणारे दोन. डोळ्यांवर लावायचा सेफ्टी गॉगल एक, आणि तो हरिबामामांनी कांदा चिरायला घेतला होता. कांदे तीन.

मोजलं की मला धीर येतो, म्हणून मी मोजत होते. अकरावी सायन्सची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि ती घेण्याची माझी पहिलीच वेळ. बी.एस्सी. होऊन दहा महिने झाले होते. मी तासिका तत्त्वावर होते. म्हणजे सगळे मला मॅडम म्हणायचे आणि स्टाफरूममध्ये मला खुर्ची नव्हती. कॉलेज बार्शीहून लातूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातलं. या गोष्टीला आता आठ वर्षं झाली.

"मॅडम, बेसन आणू का?" मामांनी गॉगल कपाळावर चढवत विचारलं.

"कशाला?"

"कांदा झाला. आता तेवढंच राहिलंय."

हरिबामामा प्रयोगशाळेचे परिचर. एकतीस वर्षं नोकरी. सगळी द्रावणं तेच बनवायचे, आणि पोरांना मार्कही खरं तर तेच द्यायचे. आम्ल आणि अल्कलीचं टायट्रेशन म्हणजे फ्लास्कमध्ये दहा मिली सोडा घ्यायचा, वरच्या ब्युरेटमधून ॲसिड थेंबथेंब सोडायचं, आणि सोडा संपला की थांबून किती ॲसिड लागलं ते वाचायचं. सोडा संपला हे कळावं म्हणून त्यात एक इंडिकेटर टाकतात. सोडा असेपर्यंत तो गुलाबी राहतो, संपला की रंग जातो. आमच्या प्रयोगशाळेत हे उत्तर १९९४ पासून नऊ पॉइंट आठ होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मामा ते सगळ्यांना सांगायचे. मुलं वहीत ९.८, ९.८, ९.८ लिहायची. हुशार मुलं मधे एखादं ९.७ टाकायची, खरं वाटावं म्हणून.

"पण मामा, पोरं करून का बघत नाहीत?" मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं.

"करत्यात की. तोटी उघडत्यात, नऊ पॉइंट आठ आलं की बंद करत्यात."

कांदा मात्र मुबीनासाठी होता.

मुबीना तांबोळीला जन्मापासून दिसत नाही. दहावीला तिला एक्क्याऐंशी टक्के होते. जूनमध्ये ती वडिलांबरोबर सायन्सचा अर्ज घेऊन आली, तेव्हा मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये माझ्या नेमणुकीच्या पत्रासाठी उभी होते. वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. ते टोपी हातात घेऊन दाराशीच थांबले. ती पुढे आली आणि टेबलावर अर्ज ठेवला. त्याच्यावर आणखी एक कागद ठेवला.

"हे काय?" प्राचार्य डुरेपाटील म्हणाले.

"कायदा आहे सर. दोन हजार सोळाचा. कलम सोळा. अपंगत्व आहे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि लागेल ती सोय करून द्यायची."

डुरेपाटील सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी वडिलांना खुर्ची दिली, तिच्यासाठी पाणी मागवलं आणि मग म्हणाले, "बाळ, कायदा दिल्लीत असतो. ॲसिड इथं असतं."

"मग ॲसिडला विचारा ना सर, त्याची काही हरकत आहे का."

"भाजलीस तर?"

"घरी कुकर हीच लावती, साहेब," दारातून वडील म्हणाले. खुर्ची त्यांनी घेतली नव्हती.

सरांनी कलम सोळा दोनदा वाचलं. मग बरंच काही बोलले आणि शेवटी एक तोडगा काढला. अकरावीला बसायचं. वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिक स्वतःच्या हातानं करायचं. बाहेरच्या कॉलेजचा परीक्षक बोलावणार. बाकीच्यांशी उत्तर जुळलं तर बारावी सायन्स. नाही जुळलं तर त्याच दिवशी आर्ट्सचा अर्ज भरायचा.

"ही अट बाकीच्यांना पण आहे का सर?"

"बाकीच्यांना दिसतं, बाळ."

"म्हणजे नाही," ती म्हणाली आणि कागदाची घडी घातली. "ठीक आहे. मी करते."

मदतनीस म्हणून मला नेमलं. मी ब्युरेटवरचा आकडा वाचून सांगायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही.

रंग बघून थांबायचं तर मुबीनाला जमणार नव्हतं, म्हणून मी रंगाऐवजी दुसरं काय चालेल ते शोधलं. कांद्याच्या रसाचा वास सोड्यात दबतो आणि सोडा संपला की परत येतो. पहिल्या दिवशी मी स्वतः डोळे बांधून करून पाहिलं आणि दीड मिलीनं चुकले. मुबीना तिसऱ्या दिवशी ०.१ वर आली. वर्षभरात आम्ही एक्केचाळीस वेळा कांद्यानं आणि एक्केचाळीस वेळा रंगानं मोजलं. दोन्हींतला सरासरी फरक ०.१ मिली. ते सगळे आकडे माझ्या वहीत आहेत.

"मॅडम, तुम्ही सेंट लावून येत जाऊ नका," ती एकदा म्हणाली. "गुरुवारी मी तुमचंच टायट्रेशन केलं."

आणखी एक गोष्ट तिनं माझ्या नकळत केली. फ्लास्कमध्ये थेंब पडला की आवाज येतो. ती ते मोजायची. डिसेंबरात मला म्हणाली, "सात नंबरच्या ब्युरेटचे एका मिलीला एकोणीस थेंब होतात." मी तपासलं. दहा वेळा मोजून सरासरी आली १८.९.

"कशाला मोजतेस? आकडा मी सांगतेच आहे की."

"असू द्या. तुम्ही आजारी पडलात तर?"

मोजायला तिच्याकडे चिंचोके होते. दहा थेंब झाले की डाव्या खिशातला एक चिंचोका टेबलावर.

परीक्षक बिराजदार सर सव्वादहाला आले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, हातात रेक्झिनची बॅग, दोनच्या बसचं तिकीट आधीच काढलेलं. डुरेपाटील सर त्यांना घेऊन आत आले आणि दोघंही दारातच थबकले.

"कसला वास हो हा?"

"इंडिकेटर आहे सर," मी म्हणाले.

"मला वाटलं नाष्टा आहे."

बॅचमध्ये चोवीस जण होते. मुबीना खिडकीजवळच्या सात नंबरच्या टेबलावर, तिच्या डोक्यावरचा पंखा वास उडू नये म्हणून बंद. त्यामुळे मागचे चौघं आधीच कुरकुरत होते. परीक्षा सुरू झाली. दहा मिनिटांत अर्ध्या लोकांचं उरकलं. चार नंबरवरच्या अभिजित गव्हाणेनं हळूच मामांना बोलावलं.

"मामा, रंग जाईना."

"जाईल जाईल. वेळ लागतोय त्याला. तू लिही."

ते माझ्या कानावर पडलं. पण मी मुबीनाकडे बघत होते.

ती तोटी इतकी सावकाश सोडत होती की बिराजदार सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. दर चार-पाच थेंबांनी फ्लास्क हलवायची, तळहातानं वाफ नाकाकडे ओढायची, पुन्हा तोटी. टेबलावर चिंचोके एका ओळीत वाढत होते. डुरेपाटील सर तिच्या मागे दोन हातांवर उभे होते. त्यांच्या शर्टच्या खिशात घडी घातलेला आर्ट्सचा अर्ज होता. पिवळा असतो, त्यामुळे कापडातून दिसत होता.

"आला," मुबीना म्हणाली आणि तोटी बंद केली. "मॅडम, किती?"

मी वाकले. द्रावणाच्या वरच्या कडेला जी वाटी होते, तिचा तळ बघायचा असतो. तळ ११.२ आणि ११.४ यांच्या बरोबर मधे होता. मी डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिलं. अकरा पॉइंट तीन.

आजूबाजूच्या तेवीस वह्यांत नऊ पॉइंट आठ होतं. दीड मिलीचा फरक.

"नऊ पॉइंट आठ," मी म्हणाले.

डुरेपाटील सरांचा चेहरा असा खुलला की मला आजही आठवतो. खरंच आनंद झाला होता त्यांना. "अरे वा! जुळलं! बिराजदार सर, बघा, तंतोतंत जुळलं! शाब्बास बाळ!" त्यांनी खिशातला पिवळा कागद काढून चार तुकडे करायचीही तयारी केली. बिराजदार सरांनी पेनाचं टोपण काढलं.

"नाही सर," मुबीना म्हणाली.

"काय नाही?"

"नऊ पॉइंट आठ नाही. मॅडम, परत वाचा ना."

मी परत वाकले. उगाच. "नऊ पॉइंट आठ."

तिनं हात टेबलावर पसरला आणि चिंचोके एकेक करून बोटाखालून नेले. एकवीस होते. मग पंजा वर करून पाच बोटं दाखवली.

"नऊ पॉइंट आठ म्हणजे एकशे शहाऐंशी थेंब. माझे दोनशे पंधरा झाले. मधले एकोणतीस तुम्ही प्यायलात का, मॅडम?"

मागच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बाळ, जुळलंय ना?" डुरेपाटील सर हलक्या आवाजात म्हणाले. "मग आता गप्प बस की. सही होतीये."

"जुळलंय ते त्यांचं, सर. केलंय मी."

मग ती माझ्याकडे वळली. माझ्या चेहऱ्यापासून वीतभर डावीकडे बघत तिनं अगदी हळू विचारलं, "मॅडम, तुम्हाला वाटलं माझं चुकलं?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं, मान हलवलेली तिला दिसत नाही.

"हो," मी म्हणाले.

"मग तसं सांगायचं. चुकलीस म्हणून. चुकलं तर माझं चुकेल. तेवढं तरी माझं राहू द्या."

एक्केचाळीस वेळा मोजलेली वही माझ्या पर्समध्ये होती. तेवीस जणांनी तोटी उघडून बंद केली होती हे मला माहीत होतं. तरी दीड मिलीचा फरक दिसल्यावर कोण चुकलं असेल, हे ठरवायला मला दोन सेकंदसुद्धा लागले नव्हते.

"सर," मी बिराजदार सरांना म्हणाले, "मी खोटं वाचलं. अकरा पॉइंट तीन आहे."

"शेटे मॅडम!" डुरेपाटील सर म्हणाले.

बिराजदार सरांनी पेनाला टोपण लावलं, चष्मा पुसला आणि टेबलांमधून चालायला लागले. चार नंबरवर थांबले.

"हा रंग कुठला?"

"रंगहीन, सर," अभिजित म्हणाला. वहीत तसंच लिहिलं होतं.

"हा?"

अभिजितनं फ्लास्क उजेडाकडे धरला. आतलं द्रावण लग्नातल्या सरबतासारखं गुलाबी होतं. "जरा... गुलाबी रंगहीन, सर."

पाच नंबरचा फ्लास्क गुलाबी होता. सहाचाही. आठ, नऊ आणि दहा नंबरवाल्यांनी आपापले फ्लास्क घाईघाईनं बेसिनमध्ये ओतले, त्यामुळे बेसिनही गुलाबी झालं.

"इंडिकेटर जुनं असेल हो," डुरेपाटील सर म्हणाले. "उन्हाळा आहे. बाटली उन्हात राहते."

"ॲसिड कुणी बनवलं?"

हरिबामामा पुढे आले. त्यांनी गॉगल अजून कपाळावरच ठेवला होता. "म्याच, सर."

"कसं?"

"दरसालसारखंच. कॅनला रेघ मारल्याली हाय, तिथपर्यंत. फकस्त औंदा सकाळी कॅन कमी दिसला. चोवीस पोरं, त्यात ही बाई तीन-तीन टाइम करणार. पुरायचं न्हाय वाटलं. म्हणून डिस्टिल्ड वॉटर घातलं वाईच."

"वाईच म्हणजे किती?"

"दीड लिटर असंल. पाव्हणं वाढलं की आमटीत घालतो तसं."

"अहो मग तुम्ही पोरांना नऊ पॉइंट आठ कशाला सांगितलंत?" डुरेपाटील सर ओरडले, आणि पुढच्याच क्षणी आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

हरिबामामांनी गॉगल कपाळावरून काढला.

"दरसाल तेच सांगतो की, सर," मामा म्हणाले. "तुमीच म्हणला हुता, निकाल चांगला लागतोय म्हणून."

डुरेपाटील सर बिराजदार सरांकडे बघून कसनुसं हसले. "म्हणजे पद्धत असते हो एक..."

"माहितीये," बिराजदार सर म्हणाले. "आमच्याकडं दहा पॉइंट दोन असतं."

मुबीना एवढ्या जोरात हसली की तिच्या हाताचा धक्का लागून चिंचोके खाली सांडले. तिच्यामागून सगळी बॅच हसली. हसले नाहीत ते फक्त डुरेपाटील सर.

बिराजदार सरांनी घड्याळ काढून बॅगेत टाकलं आणि शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. "तो पिवळा कागद इथं ठेवा. आणि बारावी सायन्सचा पण आणा. दोन्ही समोर ठेवा."

"पण सर, आता कशाला? गैरसमज होता, झालं. सगळ्यांनाच पास करून टाकू."

"त्या पाण्याचं मामा अंदाजानं बोलतायत. ही थेंब मोजून बोलतीये. मॅडम दोन वेगवेगळे आकडे बोलल्या. मला स्वतः करून बघू द्या." ते मुबीनाकडे वळले. "तुझं चुकलेलं निघालं, तर मी आर्ट्सच्या कागदावर सही करणार. चालेल?"

"चालेल सर. आणि माझं बरोबर निघालं तर?"

"तर हे तेवीस जण नापास. पुढच्या आठवड्यात परत येतील आणि खरोखर करतील."

"अय्यो," अभिजित म्हणाला.

"बस चुकेल हो तुमची," डुरेपाटील सरांनी शेवटचा प्रयत्न केला.

"जाऊ द्या. अकरा वर्षांत ब्युरेटला हात लावला नाही मी. फक्त सह्या करत फिरतोय."

त्यांनी सात नंबरचीच ब्युरेट घेतली. दोनदा पाण्यानं, एकदा ॲसिडनं धुतली. त्याच कॅनमधून भरली, आतला बुडबुडा काढला आणि पातळी शून्याच्या रेघेवर आणली. पिपेटनं दहा मिली सोडा नव्या फ्लास्कमध्ये सोडला. कपाटातून इंडिकेटरची सीलबंद बाटली काढायला लावली, ती स्वतः फोडली आणि दोन थेंब टाकले. द्रावण गर्द गुलाबी झालं. सगळी बॅच सात नंबरभोवती गोळा झाली. मुबीना टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभी होती, कान ब्युरेटकडे.

नऊपाशी ते थांबले आणि थेंबाथेंबानं सोडू लागले. नऊ पॉइंट आठ मागं पडलं, तेव्हा फ्लास्क अजून गुलाबीच होता. दहा. साडेदहा. एक थेंब, फ्लास्कला एक हिसका, एक थेंब. अकरापाशी थेंब पडल्या जागी रंग जायचा आणि पुन्हा यायचा. मुबीनाचे ओठ मोजत होते. मग एक थेंब पडला, त्यांनी फ्लास्क हलवला आणि रंग आला नाही. त्यांनी फ्लास्कखाली पांढरा कागद धरला. अर्धा मिनिट वाट पाहिली. रंग नाहीच.

तोटी बंद करून त्यांनी चष्मा वर केला, ब्युरेटजवळ डोळा नेला, आकडा पाहिला आणि बाजूला झाले.

"मी वाचलंय," ते म्हणाले. "आता तुम्ही वाचा, मॅडम. मोठ्यानं."

मी गुडघ्यांत वाकले, डोळा पातळीच्या रेघेत आणला आणि वाचलं.

"अकरा पॉइंट तीन."